दाखला कशासाठी?

‘दाखला’ म्हटलं की आपल्याला आठवतो तो शाळा सोडल्याचा, जन्माचा, नाहीतर उत्पन्नाचा. अमेरिकेत येताना यातला एखादा ऐनवेळी सापडेना म्हणून कपाटं उलथीपालथी केलेली मंडळी आपल्यात असतीलच. मराठी बायबलमध्ये मात्र दाखला म्हणजे गोष्ट. येशू ख्रिस्ताने सांगितलेल्या ज्या छोट्या गोष्टींना इंग्रजीत ‘पॅरबल’ म्हणतात, त्यांना मराठी ख्रिस्ती लोक दाखले म्हणतात, कधी दृष्टांत म्हणतात. मी ख्रिस्ती नाही, पण शाळा मिशनची होती. त्यामुळे पेरणारा, हरवलेलं मेंढरू, उधळ्या पुत्र ही मंडळी माझ्या लेखी चिमणी-कावळ्याइतकीच जुनी ओळखीची.

आणि इथे राहणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच हे दाखले रोज भेटतात, फक्त आपल्याला ते ओळखू येत नाहीत. मुलांच्या ‘टॅलेंट शो’मधला टॅलेंट हा मुळात वजनाचं आणि पैशाचं माप होता. एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. धन्याने नोकरांकडे टॅलेंट सोपवून परदेशी जाण्याचा एक दाखला आहे. त्यावरून या शब्दाला ‘अंगचा गुण’ हा अर्थ चिकटला. अपघातात मदत करणाऱ्याला कोर्टकचेरीपासून वाचवणारा ‘गुड समॅरिटन’ कायदा कॅलिफोर्नियात १९५९ साली झाला, पुढे पन्नासही राज्यांत आला. भारतातही २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात याच नावाचं कलम घातलं गेलं. येशूच्या काळी यरुशलेमेत ‘गुड समॅरिटन’ हे दोन शब्द कोणी एकत्र उच्चारले असते तर लोक चमकले असते. त्याविषयी पुढे सांगतोच.

सर्वसाधारण समजूत अशी की, लोक अडाणी होते, शेतकरी-कोळी होते, त्यांना अवघड तत्त्वज्ञान कळावं म्हणून येशूने सोप्या गोष्टी सांगितल्या. आपल्याकडच्या इसापनीतीसारखंच काहीतरी. पण मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढला की ही समजूत डळमळते. शिष्य एकांतात विचारतात की, तुम्ही दाखल्यांनी का बोलता? त्यावर मिळालेलं उत्तर विचित्र आहे. बाहेरच्यांनी पाहूनही पाहू नये आणि ऐकूनही समजू नये, अशासाठी! म्हणजे गोष्ट कळावी म्हणून नाही, तर कळू नये म्हणून? मार्कचं लेखन साधारण इ.स. ७० च्या सुमाराचं मानतात. त्यानंतर दहा-वीस वर्षांनी मत्तयाने लिहिलं तेव्हा त्यालाही हे वाक्य खटकलेलं दिसतं. मूळ ग्रीकमध्ये त्याने एकच छोटा शब्द बदलला. ‘कळू नये अशासाठी’ याच्या जागी ‘त्यांना कळत नाही, कारण’ असं आलं. एका अव्ययाच्या फरकाने उद्देश उलटा झाला. तेव्हा दाखला कशासाठी, हा वाद पहिल्या शतकातच सुरू झाला होता.

मला स्वतःला या प्रश्नाची किल्ली त्याहून जुन्या एका गोष्टीत सापडते. दावीद राजाने आपल्या सैनिकाची बायको बळकावली आणि त्या सैनिकाला लढाईत पुढे ठेवून मारवलं. राजाला तोंडावर कोण बोलणार? नाथान नावाचा संदेष्टा दरबारात गेला आणि त्याने एक फिर्याद सांगितली. एका श्रीमंताकडे गुराढोरांचे कळप होते, एका गरिबाकडे लेकीसारखी वाढवलेली एकुलती एक कोकरी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने गरिबाची कोकरी कापली. दावीद संतापला, म्हणाला, असल्या माणसाला जगायचा अधिकार नाही. नाथानने एवढंच सांगितलं की, तो माणूस तूच. निकाल राजाच्याच तोंडून देऊन झाला होता, आता परत घेता येईना. लेकी बोले सुने लागे हे आपल्याला ठाऊक आहे, पण इथे बोल लावणाराही ऐकणाराच ठरतो.

हिब्रूत अशा बोलण्याला ‘माशाल’ म्हणतात. यहुदी धर्मगुरूंचे, म्हणजे रब्बींचे असे शेकडो माशाल नोंदलेले आहेत. येशू स्वतः यहुदी, गालिल प्रांतातला. तिथला शासक हेरोद अंतिपा. त्याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं, तो सरळ बोलला म्हणून, डोकं उडवलं होतं. अशा मुलखात आडून बोलण्याला व्यवहारी कारणही होतं, हे प्रवचनांत फारसं सांगत नाहीत. द्राक्षमळ्याच्या कुळांचा एक दाखला आहे. तो ऐकल्यावर यरुशलेमेतल्या पुढाऱ्यांना बरोबर कळलं की हा टोला आपल्याला आहे. म्हणजे ज्यांना कळायचं त्यांना कळत होतं, पण पकडायला वाक्य सापडत नव्हतं.

इथे मराठी माणसाला महानुभावांचा ‘दृष्टांतपाठ’ आठवल्याशिवाय राहणार नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केशिराजबासांनी एकत्र केले. रचना मोठी शिस्तीची आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे या गोष्टीचा अर्थ असा असा. येशूच्या दाखल्यांचं नेमकं उलट. पेरणाऱ्याचा आणि आणखी एक-दोन सोडले तर दार्ष्टांतिक नाहीच. गोष्ट संपते आणि ऐकणाऱ्याच्या पदरात पडते. पुढची पंधराशे-सोळाशे वर्षं ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी ही मोकळी जागा भरून काढली.

आता तो गुड समॅरिटन. मराठी बायबलात तो ‘शोमरोनी’. एका शास्त्र्याने येशूला विचारलं की, शेजाऱ्यावर प्रेम कर म्हणतात, पण माझा शेजारी कोण? म्हणजे यादी कुठे थांबवायची? येशूने गोष्ट सांगितली. यरुशलेमेहून यरीहोला जाणारी वाट सुमारे पंचवीस किलोमीटरांची, आणि तेवढ्यात ती जवळजवळ हजार मीटर खाली उतरते. ओसाड, दऱ्याखोऱ्यांची. एकाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलं. याजक आला, बाजूने निघून गेला. लेवी, म्हणजे मंदिराचा सेवेकरी आला, तोही गेला. ऐकणाऱ्याने मनात ताडलं असणार की, आता तिसरा येईल तो आपल्यासारखा साधा यहुदी. आला शोमरोनी! शोमरोनी आणि यहुदी यांचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या शेवटी यहुद्यांचा शासक योहान हिर्कान याने गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर उद्ध्वस्त केलं होतं. त्या मुलखातला माणूस जखमा बांधतो, आपल्या जनावरावर घालून खाणावळीत नेतो, दोन दिनार देतो आणि जास्त लागले तर परतताना देईन म्हणतो. मग येशू प्रश्न फिरवतो. या तिघांतला शेजारी कोण झाला? शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्दही निघत नाही. ज्याने दया केली तो, असं तो म्हणतो.

याजक आणि लेवी विटाळाच्या भीतीने थांबले नाहीत, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. एमी-जिल लेविन या यहुदी विदुषीने २०१४ च्या आपल्या पुस्तकात ते साफ खोडून काढलं आहे. याजक मंदिराकडे चढत नव्हता, तिथून उतरत होता. आणि जीव वाचवणं यहुदी धर्मशास्त्रात सोवळ्याच्या वर आहे. मला हे पटतं. विटाळाचं कारण दिलं की दोष ‘त्यांच्या’ धर्मावर ढकलता येतो आणि आपण सुटतो. दाखला ऐकून आपण सुटलो, तर तो ऐकलाच नाही.

चौथ्या-पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने याच गोष्टीचा अर्थ कसा लावला पाहा. लुटलेला माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान, शोमरोनी म्हणजे स्वतः ख्रिस्त, खाणावळ म्हणजे चर्च आणि खाणावळवाला म्हणजे संत पौल. सगळं नीट बसतं, फक्त शेजारी हरवतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आडोल्फ युलिशर या जर्मन पंडिताने ही रूपकांची बेरीज-वजाबाकी मोडीत काढली. १९३५ साली इंग्लंडच्या सी. एच. डॉड यांनी दाखल्याची जी व्याख्या केली तिचा आशय असा की, दाखला ऐकणाऱ्याच्या मनात नेमका अर्थ काय याची थोडी शंका ठेवून जातो आणि त्याला विचार करायला भाग पाडतो.

रूपकांचे खेळ निरुपद्रवी म्हणून सोडून देता आले असते. पण त्याच ऑगस्टीनच्या हातून एका दाखल्याचं जे झालं ते निरुपद्रवी नव्हतं.

लूकच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीची गोष्ट आहे. एकाने मोठी पंगत मांडली. बोलावलेल्या पाहुण्यांनी ऐनवेळी सबबी सांगितल्या. एकाने शेत विकत घेतलेलं, एकाने पाच जोड्या बैल, एकाचं नुकतंच लग्न झालेलं. यजमान चिडला, त्याने चाकराला पाठवून गल्लीबोळातले गरीब, लंगडे, आंधळे बोलावले. तरी पानं रिकामी राहिली. मग म्हणाला, रस्त्यांवर, कुंपणांपाशी जा आणि भेटतील त्यांना आत यायला भागच पाड. आता यातलं ‘भाग पाड’ मराठी घरात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. दारात संकोचून उभ्या असलेल्याला हाताला धरून पाटावर बसवणं, नको नको म्हणताना पानात वाढणं, याला आपण आग्रह म्हणतो. रस्त्यावरच्या भिकाऱ्याला श्रीमंताच्या वाड्यात यायला आग्रहच करावा लागणार. चाकर एकटा आहे, त्याच्या हातात तलवार नाही.

ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेत हिप्पो इथे, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबा शहरात बिशप होता. तिथे डोनाटिस्ट नावाचा ख्रिस्ती पंथ अधिकृत चर्चपासून फुटून राहिला होता. सुरुवातीला ऑगस्टीनचं मत असं होतं की, वाद घालावा, पटवावं, जबरदस्ती करू नये. पण ४०५ साली सम्राटाने डोनाटिस्टांविरुद्ध फर्मानं काढली आणि त्या धाकाने गावंच्या गावं परत आली. ऑगस्टीनने मत बदललं. ४०८ च्या सुमाराच्या एका लांबलचक पत्रात त्याने ते मोकळेपणाने सांगितलं आहे आणि आधार दिला आहे तो या मेजवानीचा. लॅटिन बायबलमधले ‘कोम्पेल्ले इन्त्रारे’ हे दोन शब्द पुढे हजार वर्षांहून अधिक काळ पाखंड्यांवरच्या बळजबरीला पुरत राहिले. आग्रहाचा हुकूम झाला. ऑगस्टीन क्रूर नव्हता, देहदंडाला त्याचा विरोधच होता. पण एकदा गोष्टीत तलवार घातली की ती पुढे कोणाच्या हाती जाईल हे घालणाऱ्याच्या हातात राहत नाही.

गंमत अशी की, बळजबरीच्या विरुद्ध बाजूनेही लढला तो एक दाखलाच. गव्हातलं निदण. शेतकऱ्याने गहू पेरला, रात्री वैऱ्याने येऊन त्यात तण पेरलं. हे तण बहुधा ‘डार्नेल’. लोंबी धरेपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं, मुळं गव्हाच्या मुळांत गुंततात आणि दाणे पोटात गेले तर गुंगी आणतात. चाकर विचारतात, उपटून टाकू का? धनी म्हणतो, नको, निदण उपटताना गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात याचा खुलासाही आहे. शेत म्हणजे जग, आणि कापणी करणारे देवदूत. म्हणजे चाकरांचं ते काम नाही.

आता हा दाखला बळजबरीच्या आड येणारच. तेराव्या शतकात थॉमस अॅक्वायनसने त्यातून वाट काढली. गव्हाला धक्का लागण्याची भीती नसेल, तण नीट ओळखू येत असेल, तर उपटायला हरकत नाही! आणि आपल्याला तण नीट ओळखू येतं, याबद्दल सत्ताधाऱ्यांना कधीच शंका नसते.

२७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला जिवंत जाळलं, ते मात्र रोमच्या चर्चने नव्हे. त्या चर्चविरुद्ध बंड केलेल्या कॅल्व्हिनच्या गावात हे घडलं. दुसऱ्याच वर्षी बासेलहून सेबास्टियन कास्टेलियोने टोपणनावाने एक पुस्तक काढलं. पाखंड्यांना मारावं का, एवढाच त्याचा प्रश्न, आणि निदणाचा दाखला त्यातला एक मुख्य आधार.

तिथून हा दाखला थेट आपल्या इथल्या दारात येतो. रॉजर विल्यम्स हा धर्मोपदेशक १६३१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये आला. सरकारने लोकांच्या श्रद्धेत हात घालू नये, असं तो बोलू लागला म्हणून १६३५ साली त्याला हद्दपार केलं. ऐन हिवाळ्यात बर्फातून तो निघाला. नॅरागॅन्सेट लोकांकडून जमीन मिळवून १६३६ साली त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं. १६४४ साली लंडनमध्ये त्याने छळाविरुद्ध जो जाडजूड ग्रंथ छापला त्यात गव्हाच्या आणि निदणाच्या दाखल्यावर पानंच्या पानं आहेत. बॉस्टनचे धर्मगुरू जॉन कॉटन यांचं म्हणणं, निदण म्हणजे चर्चमधले ढोंगी. उघड पाखंड्यांना ही सवलत नाही. विल्यम्स म्हणतो, शेत म्हणजे जग असं ख्रिस्तानेच सांगून ठेवलंय, तुम्ही ते चर्च कसं करता? या जगात ख्रिस्ती नसलेले, यहुदी, मुसलमान, मूर्तिपूजक सगळे आपापल्या श्रद्धेने राहू देत. ‘मूर्तिपूजक’ म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर अर्थातच आपला गणपती नव्हता. तरी त्या यादीत आपण बसतो, हे वाचताना मला थोडं हसू आलं आणि बरंही वाटलं. इंग्लंडच्या पार्लमेंटने तो ग्रंथ जाळायचा हुकूम काढला. पण १६६३ साली ऱ्होड आयलंडला मिळालेल्या सनदेत धर्मस्वातंत्र्य लिहिलं गेलं. दरम्यान बॉस्टनमध्ये १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फाशी दिली. त्यांतली मेरी डायर ऱ्होड आयलंडहून मुद्दाम परत आली होती. बॉस्टनला पाहुण्यांना फिरवताना स्टेट हाऊससमोर तिचा बसलेला पुतळा दिसतो, तिथे दोन मिनिटं थांबा.

फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६८५ साली प्रोटेस्टंटांचे हक्क रद्द केले तेव्हा पुन्हा तीच मेजवानी, तेच ‘भाग पाड’. पियेर बेल याचा भाऊ पाद्री होता, तो त्याच वर्षी तुरुंगात मेला. परागंदा होऊन रॉटरडॅममध्ये राहिलेल्या बेलने १६८६ साली केवळ त्या दोन शब्दांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ज्या अर्थाने अन्याय करावा लागतो तो अर्थच चूक, हा त्याचा मुद्दा.

आणि आपल्या बाजूला? गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आलं आणि मधली चार वर्षं सोडता १८१२ पर्यंत टिकलं. साष्टीतली देवळं पाडली गेली. त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं आणि ते १६१६ साली राचोलला छापलं. आपली पुराणं सुटली, आता आम्हाला त्या जागी काहीतरी द्या, अशी नवख्रिस्ती लोकांची मागणी त्यातच नोंदलेली आहे. मला स्टीफन्सच्या मराठीचं मनापासून कौतुक आहे, आणि ती मागणी वाचताना गळ्यात आवंढाही येतो. भाषेचा इतका आग्रही पाहुणचार आणि पलीकडे हुकूम, दोन्ही एकाच तालुक्यात. एकाकडे पाहताना दुसऱ्याकडे डोळेझाक करू नये, असं मला वाटतं.

मराठीशी दाखल्यांचं आणखी एक नातं आहे, फार कमी जणांना ठाऊक असलेलं. जॉर्ज ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी हाती घेतली तेव्हा प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून एकच मजकूर भाषांतरित करवून घेतला, तो म्हणजे उधळ्या पुत्राचा दाखला. कारण धर्माचं नव्हतं, व्याकरणाचं होतं. तिन्ही पुरुषांची सर्वनामं, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ त्यात येतात. भारतीय वाचकांना खटकतील असे शब्द तेवढे बदलले. १९०५ साली निघालेल्या मराठीच्या सातव्या खंडात कोकणी, वऱ्हाडी, नागपुरी, हळबी अशा कितीतरी बोलींत तो धाकटा बापाकडे वाटणी मागतो. बाप जिवंत असताना वाटणी! या मजकुराला व्याकरणाच्या पलीकडे काय म्हणायचं होतं ते सांगणाऱ्याला आणि लिहून घेणाऱ्याला नक्कीच कळलं असणार.

हा दाखला लूकमध्ये मेजवानीच्या लगेच पुढच्या अध्यायात आहे. ऑगस्टीनने या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या असत्या तर, असं माझ्या मनात नेहमी येतं. इथेही पंगत आहे, आणि इथेही एक जण बाहेर उभा आहे. धाकटा सगळं उधळून, दुष्काळात डुकरं राखून घरी परतलाय, वाजतगाजत जेवण चाललंय, आणि शेतावरून आलेला मोठा भाऊ रागाने उंबऱ्याबाहेर थांबलाय. बापाच्या हाताशी चाकर आहेत. तो कोणाला पाठवत नाही, स्वतः उठून बाहेर येतो आणि मुलाची समजूत घालू लागतो. मोठा फडाफडा बोलतो. इतकी वर्षं राबलो, मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीत. बाप म्हणतो, माझं आहे ते सगळं तुझंच की रे, पण तुझा भाऊ हरवला होता, तो सापडला.

मग मोठा आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेलं नाही.